पुढच्या गल्लीतली बायको

"गुंतवळ द्या गं बायांनो, गुंतवळ. केसावर वाटी, केसावर पातेलं."

मी एका टेम्पोच्या स्टेअरिंगखाली उताणी पडले होते. दातांत काळ्या टेपचा तुकडा, डोळ्यांत धूळ. आणि माझाच आवाज लातूर रस्त्यानं आमच्या फाट्याकडे येत होता.

"भिंतीत कोंबलेलं आणा, पिशवीत बांधलेलं आणा. भिऊ नका, लाजू नका. बाईमाणूस आलंय दारात."

"आलीस बग तू," भागवत म्हणाला.

भागवत माझा धाकटा भाऊ. फाट्यावरचं गॅरेज त्याचं, त्यातलं वायरिंगचं काम माझं. दर मंगळवारी तो हाच विनोद करायचा आणि दर मंगळवारी त्याच्या हातातला पाना फरशीवर जरा जास्तच जोरात आदळायचा.

त्या मंगळवारी मात्र आवाज फाटा ओलांडून गेला नाही. 'बाईमाणूस' म्हणता म्हणता घोगरा झाला, आजारी रेड्यासारखा लांबला, आणि अर्ध्या शब्दात मेला. मग वास आला. तारेवरचं प्लास्टिक जळाल्याचा वास. तो मला झोपेतसुद्धा कळतो. मी टेम्पोखालून बाहेर आले तर समोरून अंगद मोटरसायकल ढकलत येत होता. सीटच्या फटीतून धूर निघत होता, मागं बांधलेली पातेली खडखडत होती, आणि त्याची उजव्या हाताची बोटं तोंडात होती.

अंगद माझा नवरा. नांदणं सोडून मी भावाकडे आले, त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील.

"आक्का, तू आत जा," भागवत म्हणाला.

"का? गिऱ्हाईक हाय. बसू दे."

*

हा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. विंचरताना फणीत अडकलेले केस, त्याला गुंतवळ म्हणतात. गावाकडची बाई ते फेकत नाही. पायदळी येऊ नयेत, वैऱ्याच्या हाती लागू नयेत, कुणी करणी करू नये. म्हणून बोटाभोवती गुंडाळायचे, भिंतीच्या भोकात नाहीतर आढ्याला टांगलेल्या पिशवीत ठेवायचे. फेरीवाला त्यावर भांडी देतो आणि केस पुढं नकली केसांचे टोप करणाऱ्यांना विकतो. आता बाई आपले केस परक्या पुरुषाच्या हातात देते होय? देत नाही. म्हणून लग्न झाल्यावर अंगदनं मला गाडीवर मागं बसवलं. तो पातेली मोजायचा, मी पिशव्या घ्यायची. आणि भोंगा घेतला तेव्हा त्यात आवाज भरला तो माझा.

भोंग्याचं वायरिंग मीच केलं होतं. आमचा बाप ट्रॅक्टरची वायरिंग करायचा, त्याच्या शेजारी बसून शिकले. बॅटरीतून निघाल्या निघाल्या काचेचा फ्यूज, पुढं रिले, पुढं भोंग्याचं मशीन. रिले म्हणजे दारावरचा गडी. किल्लीच्या बारीक तारेनं त्याला नुसती खूण करायची, तो आतल्या आत दार उघडतो आणि जड करंट जाड तारेतून जातो. किल्ली काढली की दार बंद. विसरून भोंगा चालू राहिला आणि बॅटरी उतरली, असं होत नाही.

अंगदच्या गाडीचा फ्यूज वारंवार उडायला लागला. मी म्हणाले, तार कुठंतरी घासतेय, शोधावी लागंल. त्याला तेवढा दम नव्हता. एका आठवडी बाजारात त्यानं फ्यूज काढला आणि त्या जागी तांब्याची तार पिळून बसवली. मी तिथंच म्हणाले, "अवो, फ्यूजवर राग काढू नका. त्यो बिचारा उडतोय म्हणून गाडी राहिलीय." शेजारी भांडीवाला ठोक व्यापारी उभा होता. तो हसला. अंगदनं माझ्या तोंडात मारली. भर बाजारात, कोथिंबिरीच्या जुड्यांपुढं.

"मला शिकवतीस?"

ती पहिली नव्हती. पण शेवटची होती. मी तिथूनच जीपमध्ये बसून फाट्यावर आले. घरात मी बोलले की याचा हात उठायचा, आणि गावोगाव माझा आवाज ओरडून याचं पोट भरायचा. ह्या माणसांना बायको नको असते. बायकोचा आवाज हवा असतो, तोही बटण असलेला.

मी आले, पण आवाज तिकडंच राहिला. मंगळवारी आमच्या फाट्यावरून, बुधवारी माझ्या मावशीच्या गावातून, गुरुवारी आणखी कुठून. पोरं मला हाक मारायची, "ए केसावर पातेलं!" भागवतनं काडी मोडून द्या, म्हणजे सोडचिठ्ठी करून द्या, म्हणून आमच्या चार पंचांना बसवलं. त्यांनी चहा पिला, भजी खाल्ली आणि निवाडा दिला: तिचा आवाज अजून त्याच्या धंद्यात हाय. म्हणजे बाई नांदतीच हाय की. काडी मोडायची कशी?

माझा आवाज नांदत होता म्हणून मी नांदत होते. तेव्हा मला अंगदकडून पैसा नको होता, माफी नको होती, काही नको होतं. आवाज पाहिजे होता.

*

"पाणी दे त्याच्या हातावर," मी भागवतला म्हणाले आणि सीट उचलली.

आत जे दिसायला पाहिजे होतं तेच दिसलं. फ्यूजच्या डबीत पुन्हा तांब्याची तार, या वेळी आणखी जाड. सीटच्या बोल्टपाशी तार घासून उघडी पडलेली, सांगाड्याला टेकलेली. तिथून बॅटरीपर्यंत सगळं प्लास्टिक वितळून गुळाच्या पाकासारखं ओघळलं होतं. टाकीकडून येणारी पेट्रोलची नळी तिथून चार बोटांवर. अंगदनं जळती तार हातानं ओढून तोडली होती म्हणून गाडी शिल्लक होती.

भागवतनं वाकून पाहिलं. "दाजी, पुन्हा तारच होय? तारेनं बायको घालवली. आता गाडीबी घालवाया निघालाव का?"

अंगद बादलीत बोटं बुडवून बसला होता. पूर्वी असा टोमणा मारणाऱ्याच्या अंगावर धावून गेला असता. वाळला होता. सदऱ्याची बटणं एकाआड एक होती.

मला दुसरंच काही दिसत होतं. मी लावलेला रिले एका बाजूला लोंबत होता, धुळीनं माखलेला. त्याची तोंडं मोकळी. कुणीतरी त्याला वगळून बॅटरीतून थेट भोंग्याच्या मशीनला तार नेली होती.

"रिले कुणी काढला?"

"मीच."

"कशाला?"

"बाद झाला व्हता."

मी रिले पुसला, दुकानातल्या बॅटरीवर लावला. टक. काढला, लावला. टक. नव्यासारखा.

"चांगला हाय की."

"मग तवा झाला असंल बाद. आता झाला असंल चांगला."

"रिले काय ताप हाय का, येऊन जायला?"

तो बादलीत पाहत राहिला. मला राग आला. फ्यूजच्या जागी तार का लावली ते कळत होतं. आळशी माणूस लावतोच. पण रिले काढायला मेहनत पडते. सीट उघडा, तारा सोडा, नवी तार ओढा. आळशी माणूस एवढी मेहनत उगाच करत नाही. रिले काढून एकच गोष्ट होते: किल्ली काढली तरी भोंगा वाजतो. गाडी बंद करून गुंतवळ कोण विकत घेतं?

मी तो प्रश्न बाजूला ठेवला. मला माझं काम होतं.

"हे बग अंगद," मी म्हणाले.

भागवतचा हात थांबला. अंगदनं मान वर केली. लग्न झाल्यापासून मी त्याचं नाव घेतलं नव्हतं. आमच्यात घेत नाहीत. नाव घेतलं आणि काहीच झालं नाही. आभाळ तिथंच होतं.

"गाडी नीट करून देते. वायरिंग नवं, फ्यूज नवा, रिले ह्योच. पण भोंग्यातला आवाज हितं ठेवून जायचा. पेनड्राइव काढ आणि माझ्या हातात दे."

"मग मी काय वाजवू?"

"तुझं तू बग."

"वैजे, बाईच्या आवाजाबिगर बाया दार उघडत न्हाईत. तुला ठावं हाय. धंदा बसंल माझा."

"बसू दे."

"आवाज माझ्या मशीनमधी हाय."

"गळा माझा हाय."

तो उठला. मला वाटलं आता हात उचलतोय, आणि भागवतलाही तसंच वाटलं, कारण तो माझ्या पुढं येऊन उभा राहिला. पण अंगदनं सीट आपटून बसवली, गाडीचं स्टँड काढलं.

"ऱ्हाऊ दे. नको करू नीट."

"ढकलत नेणार? गाव किती लांब हाय ते तरी ध्यानात घ्या," भागवत म्हणाला.

"नेतो ढकलत."

आणि खरंच निघाला. उन्हाचा कहर होता. भाजलेला हात हँडलला लागला की तो उचलायचा, गाडी डावीकडं कलायची, पातेली खडखडायची. गाडी नको, पण आवाज देणार नाही. मी त्याला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. बऱ्याच येतात.

*

तो फाट्यावरच्या चिंचेच्या झाडापर्यंत गेला असेल, तेवढ्यात एसटीतून उतरलेली एक म्हातारी त्याला आडवी आली. काखेत बोचकं, हातात फुगलेली प्लास्टिकची पिशवी.

"ए केसवाल्या. थांब की. मगाशी गाडीतनं वरडणं ऐकलं म्हणून हितंच उतरले मी. कुठं हाय ती?"

अंगद म्हणाला, "मावशी, आज न्हाई. गाडी बंद हाय."

"तुझी गाडी खड्ड्यात जाऊ दे. ती कुठं हाय? तुझी बायको? दर खेपेला म्हणतूस, पुढच्या गल्लीत हाय, पुढच्या गल्लीत हाय. मी पुढच्या गल्लीत जाते तवर तू गाव सोडलेला असतूस."

तो काहीतरी पुटपुटला. म्हातारी ऐकू येईना म्हणून आणखी मोठ्यानं बोलायला लागली. बहिऱ्या माणसांचं तसंच असतं.

"आन् आता तर म्हणं दिवस गेल्यात. मागच्या खेपेला म्हणलास की. गाडीवर बसवत न्हाई म्हणून घरी ठिवली. बाळतीण झाली का न्हाई? मी तिच्यासाठी टोपडं शिवलंय. बोचक्यात हाय."

भागवतनं पाना उचलला. मी त्याचं मनगट धरलं.

मला मूल झालं नाही. होऊ शकलं असतं की नाही, हेही कुणी विचारायच्या आत संसार संपला. आणि हा माणूस माझ्या आवाजाला नवरा झाला होता, माझ्या आवाजाला दिवस गेले होते, माझ्या आवाजाचं बाळंतपण गावोगावच्या बाया विचारत होत्या. मी रस्त्यावर गेले.

"मावशी," मी म्हणाले, "ती कुठल्याच गल्लीत न्हाई."

म्हातारीनं मान वळवली. तिनं माझे ग्रीसनं काळे झालेले हात पाहिले, भागवतचा जुना शर्ट पाहिला, आणि मग डोळे मिटून कान माझ्याकडे केला.

"पुन्हा बोल."

"काय बोलू?"

"हीच की ती," म्हातारी म्हणाली. "हाच आवाज. आगं बाई, कुठल्या गल्लीत गेली व्हतीस एवढे दिवस?"

मी दर मंगळवारी राग जमवून ठेवला होता. पंचांना द्यायची उत्तरं पाठ होती, अंगदला द्यायचीही. हा प्रश्न मात्र मला आजवर कुणी विचारला नव्हता.

म्हातारीनं पिशवी माझ्या हातात दिली. पांढरे केस, बोटाभोवती गुंडाळलेले, लहान लहान चेंडूसारखे. "तुझ्यासाठीच ठिवलेत. ह्याला न्हाई दिले. पुरुषाच्या हातात द्याचे न्हाईत, माझ्या सासूनं सांगून ठिवलंय. ती मेली, पन सांगून ठिवलंय."

अंगद गाडीला टेकून उभा होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. चोरी पकडली गेली की माणूस ओशाळतो, नाहीतर चिडतो. हा तसाही नव्हता. कुणीतरी दिवा काढून नेलेल्या कोनाड्यासारखा होता.

"मावशी," तो म्हणाला, "ती सोडून गेलीय मला. लई दिवस झाले."

"आँ?"

"सोडून गेलीय," तो मोठ्यानं म्हणाला. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. "मी मारलं म्हणून."

मग त्यानं गाडी वळवली आणि आमच्या दुकानाकडे ढकलत आणली.

*

मी वायरिंग पहिल्यापासून केलं. जळालेलं सगळं उपटून टाकलं. नवी तार सीटच्या बोल्टपासून लांब नेली, घासायची शक्यता होती तिथं रबरी नळी चढवली. सांध्यांना कथिलाचा डाग दिला. बॅटरीला लागून फ्यूजची डबी, तिच्यात काचेचा फ्यूज. तांब्याची तार अंगदच्या समोर पक्कडीनं तोडून डब्यात टाकली. तो बघत होता. म्हातारी, गयाबाई तिचं नाव, स्टुलावर बसून चहा फुंकत होती आणि मधूनच म्हणत होती, "काय बाई हात चालतोय."

बॅटरी गेली होती. दुकानातली जुनी एक बसवली. आता भोंग्याचं मशीन जिवंत आहे का ते पाहायचं होतं. मी किल्ली फिरवली. रिले म्हणाला, टक. मी बटण दाबलं.

"गुंतवळ द्या गं बायांनो, गुंतवळ."

"चालतंय," भागवत म्हणाला.

"बंद कर आता," अंगद म्हणाला. घाईनं म्हणाला.

मी बंद केलं नाही. माझी हाक संपली. पुन्हा सुरू व्हायच्या ऐवजी मशीन पुढच्या आवाजावर गेलं. मला माहीत नव्हतं की पुढं काही आहे.

तीच हाक होती. पण कापलेली नव्हती. 'बाईमाणूस आलंय दारात' म्हणून झाल्यावर जरा शांतता, भांड्याचा आवाज, मग मी. हाकेतली मी नव्हे. घरातली.

"झालं का? घसा बसला माझा. च्या टाकू का?"

मग अंगदचा आवाज, लांबून. "ते म्हण की परत."

"काय?"

"च्याचं."

आणि मी हसलेली. नव्या नवरीसारखी, तोंडावर पदर धरून हसतात तशी. "च्या टाकू का? येडे झालाव का तुमी." आणि आवाज बंद.

गयाबाईनं बशी खाली ठेवली.

मी हातातल्या रिलेच्या तारेकडे पाहिलं. मग कळलं. किल्ली काढून घरात न्यायची, गाडी दाराशी उभी, अंधार पडलेला, स्वयंपाक करणारं कुणी नाही. उंबऱ्यावर बसून भोंगा बारीक करायचा आणि हे लावायचं. बॅटरी मरेपर्यंत. सकाळी ढकलगाडी. एवढ्यासाठी ह्या माणसानं सीट उघडून, तारा सोडून, माझा रिले काढला होता.

तो मान खाली घालून बसला होता. भागवतनं माझ्याकडे पाहिलं. गयाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर कळते. बाईनं आता विरघळावं, अशी ती नजर असते. रस्त्यावरचा कुत्रासुद्धा तशा नजरेनं बघत होता.

मी म्हणाले, "मी च्याचं इचारत व्हते तवा घरातच व्हते, अंगद. चुलीपाशी. तुला उठून आत यायचं व्हतं एवढंच."

"व्हय," तो म्हणाला.

"तवा मी बोलले की तू म्हणायचास, तोंड बंद कर."

"व्हय."

"मग हे कशाला ऐकतूस?"

"ह्येला तोंड बंद कर म्हणायला लागत न्हाई," तो म्हणाला. मग म्हणाला, "न्हाई. तसं न्हाई. मला नीट सांगता येत न्हाई."

"मग नको सांगू."

त्यानं स्वतःच पेनड्राइव काढला आणि माझ्या हातावर ठेवला. बोटांना फोड आले होते, त्यामुळं दोन्ही हातांनी ठेवला, देवाला ठेवतात तसा. मला तेही आवडलं नाही.

"आता मी काय वाजवू?" त्यानं पुन्हा विचारलं. या वेळी भांडण नव्हतं. खरंच विचारत होता.

"तुझा आवाज हाय की."

"माझ्या आवाजावर कोण केस देतंय?"

"खरं बोल. मग बगू कोण देतंय."

भागवतच्या खणात गाण्यांचा एक पेनड्राइव होता. गाणी पुसून तो मशीनला लावला आणि मशीनचा माईक अंगदच्या हातात दिला. मी आवाज भरायचं बटण दाबलं. अंगदनं माईक तोंडापाशी नेला आणि खाली घेतला. पुन्हा दाबलं. "गुंतवळ," तो म्हणाला आणि थांबला.

"मयताला बोलावल्यागत नको," गयाबाई म्हणाली. "जरा वरून."

"गुंतवळ द्या, गुंतवळ. केसावर वाटी, केसावर पातेलं." त्याला माझीच चाल येत होती. मग 'भिऊ नका, लाजू नका'पर्यंत आला आणि अडला. पुढं 'बाईमाणूस आलंय दारात' होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नाही. सांगायचं असतं तर माझाच आवाज दिला असता.

तो माईकमध्ये म्हणाला, "बाईमाणूस न्हाई संगं. मी एकटाच आलोय."

मी बटण सोडलं.

गयाबाईनं तिची पिशवी माझ्या शेजारून उचलली. जरा वेळ हातात धरून बसली. सासू मेली असली तरी सांगून गेली होती. मग तिनं पिशवी अंगदपुढं केली.

"घे. पन वाटी मोठी दे. टोपडं वाया गेलंय माझं."

त्यानं तिला सगळ्यात मोठं पातेलं दिलं.

तो निघाला तेव्हा मी त्याला एवढंच म्हणाले, "फ्यूज उडला तर तार लावू नको. हितं ये." भागवत म्हणाला, "कशाला बोलावतीस त्याला?" मी म्हणाले, "गिऱ्हाईक हाय."

*

पुढच्या बैठकीत पंचांनी काडी मोडली. त्यांची पंचाईत झाली होती, कारण तोवर गावोगाव नवरा स्वतःच्या तोंडानं, भोंग्यावरून, एकटा असल्याचं सांगत फिरत होता. भजी मात्र त्यांनी तेव्हाही खाल्ली.

पेनड्राइव मी त्याच संध्याकाळी ऐरणीवर ठेवला आणि हातोडीनं ठेचला. माझा आवाज परत मिळाला म्हणतात तो असा. त्यात चहाचंही गेलं. त्याआधी एकदा ऐकावं असं मनात आलं होतं. ऐकलं नाही. ऐकलं असतं तर मीही कुणाचा तरी रिले काढला असता.

त्याला आता खूप वर्षं झाली. भागवतचं लग्न झालं, त्यानं गावात घर बांधलं. फाट्यावरचं दुकान माझं आहे, मागच्या खोलीत मी राहते. पाटीवर माझं नाव आहे. अंगदनं दुसरी बायको केली नाही, मीही कुणाचं घर धरलं नाही. त्यात कुणाचा मोठेपणा नाही. जमलं नाही इतकंच.

तो अजून मंगळवारी येतो. बाया त्याला केस देतात, काही देत नाहीत. लातूरच्या अंगानं त्याचा आवाज आधी बारीक येतो, मग वाढत जातो, "केसावर वाटी, केसावर पातेलं." चिंचेपाशी आला की बंद होतो. मशीन बिघडलेलं नसतं. तो बटण दाबतो. माझ्या दुकानावरून गाडी गप्प जाते, नुसती पातेली वाजतात. टपरी ओलांडून गेला की पुन्हा सुरू होतो, "मी एकटाच आलोय."

फ्यूज त्याचा पुन्हा कधी उडाला नाही. वायरिंग चांगलं झालं होतं.

परवा भागवत आला होता, मंगळवारच होता. गाडी गप्प गेली. भागवत माझ्याकडे बघत म्हणाला, "आक्का, तू दर खेपेला हितं हात थांबवतीस."

"थांबवत न्हाई."

"आताबी थांबलेला हाय."

"करंट तपासत व्हते," मी म्हणाले. "ती टेप दे इकडं."